समुपदेशकाची फी परवडत नाही, मग जायचं कुठे?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगा दहा वर्षांचा आहे. हे मुंबईला एका छापखान्यात होते. लॉकडाऊनमध्ये काम सुटलं, तेव्हापासून गावी आहेत आणि सासऱ्यांची हापूसची कलमं बघतात. दोन वर्षं हंगाम धड गेला नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय. मी काजूच्या कारखान्यात जाते. हे पूर्वी असे नव्हते. आता दिवसच्या दिवस बोलत नाहीत, रात्री उठून खळ्यात बसतात. बोललो की भांडण होतं. ते पैशावरून सुरू होतं आणि माझ्या माहेरावर जाऊन थांबतं. मग आठ-आठ दिवस अबोला. मी मुलाकडून निरोप धाडते, "बाबांक सांग, जेवाक वाढलंय." सासूबाई सगळं बघतात, पण लेकाला काही म्हणत नाहीत. मारहाण कधी झाली नाही. एकदा ताट भिरकावलं होतं, ते भिंतीला लागलं.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी कोल्हापूरच्या एका समुपदेशकांना फोन केला. त्यांनी एका बैठकीचे बाराशे रुपये सांगितले, निदान आठ बैठका लागतील म्हणाले. आमची दोघांची मिळून महिन्याची कमाई अठरा-वीस हजारांच्या वर जात नाही. कोणी म्हणतं पोलिसांच्या महिला कक्षात जा, कोणी म्हणतं कोर्टात फुकट समुपदेशक असतात. हे म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर न्यायचं नाही. मला संसार मोडायचा नाही. आमच्यासारख्यांना परवडेल असं काही आहे का? आणि पैसे घालूनही काही झालं नाही तर?

— देवगड तालुक्यातील एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना एका वाक्यापाशी मी थांबले. ते ताटाचं. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, पण पत्ते आणि फोन नंबर सांगण्याआधी मला त्याबद्दलच विचारायचं आहे. त्या दिवसानंतर तुम्ही त्यांच्यासमोर बोलताना शब्द जपून वापरता का? ते घरात आले की मुलगा आपणहून आत जातो का? तुमची मजुरी तुमच्या हातात राहते का? माहेरी फोन करायला, कारखान्यात जायला आडकाठी होते का? रात्री तुमच्या मनाविरुद्ध काही होतं का? या प्रश्नांची उत्तरं मला पाठवायची गरज नाही. ती स्वतःला खरी द्या.

हे आधी विचारण्यामागे कारण आहे. नवरा-बायकोला एकत्र बसवून केलेलं समुपदेशन दोघंही न घाबरता बोलू शकत असतील तरच उपयोगी पडतं. जिथे धाक असतो तिथे बाई त्या खोलीत खरं बोलते आणि त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. तसं असेल तर आधी तुमची आणि मुलाची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथे समुपदेशन, वैद्यकीय मदत, वकिलाचा सल्ला आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारीही आहेत. यातल्या कुठल्याही मदतीला पैसे लागत नाहीत.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुमच्या घरात धाकापेक्षा कोंडी जास्त आहे. ते धरून पुढचं लिहिते. वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वेगळी निघाली, तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि १८१ ला फोन करा.

आता पैशाचं. आठ बैठका, प्रत्येकी बाराशे, म्हणजे नऊ हजार सहाशे. त्यात दोघांचं एसटीचं भाडं आणि दोघांचा बुडालेला रोज. कोल्हापूरला घाट चढून जायचं तर एका बैठकीला सगळा दिवस जातो. तुमच्या कमाईत हे बसत नाही, आणि ते बसत नाही म्हणून तुम्ही संसाराच्या बाबतीत कंजूष ठरत नाही. तुमच्या पत्रात तशी एक टोचणी मला दिसली, ती काढून टाका.

बिनपैशाची आणि कमी पैशाची मदत आपल्या भागात आहे. फक्त ती वेगवेगळ्या कामांसाठी उभी राहिलेली आहे, आणि भलत्या ठिकाणी आधी गेलात तर फुकटची मदतही महाग पडू शकते. म्हणून कुठे आधी आणि कुठे नंतर जायचं, हे नीट समजून घ्या.

सगळे जे सुचवतात त्या महिला कक्षापासून सुरू करते. महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष ही मुळात फार मोलाची गोष्ट आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्त कार्यालयात असा पहिला कक्ष सुरू केला आणि पुढे तो महाराष्ट्रभर पसरला. हे कक्ष पोलिसांच्या आवारात असतात, पण तिथे बसतात त्या प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या. छळ होणाऱ्या कितीतरी बायकांना पोलीस ठाण्याची पायरी चढणं त्यांच्यामुळे शक्य झालं आहे. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडूनही समुपदेशन केंद्रं चालवली जातात. या ठिकाणांची रीत साधारण अशी असते: तुम्ही अर्ज देता, समोरच्याला फोन किंवा पत्र जातं, मग आधी वेगवेगळं आणि नंतर एकत्र ऐकून घेतलं जातं, आणि जमलं तर काय ठरलं ते लिहून दोघांच्या सह्या होतात.

छळ, हाकलून देणं, मुलाला हिरावून घेणं, पैसे न देणं, अशा तक्रारींना ही रीत योग्य आहे. तुमची अडचण मात्र वेगळी आहे. तुमच्या वाडीत "पोलिसातून बोलावणं आलं" ही बातमी संध्याकाळच्या आत खालच्या वाडीला पोचेल. जो माणूस घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून तोंड मिटून बसलाय, तो तिथे आरोपीसारखा येऊन बसेल. सांगतील त्यावर सही करील आणि घरी येऊन आणखी गप्प होईल. म्हणून अर्ज देण्याची घाई करू नका. तिथे जायचंच असेल तर एकट्या जा आणि बसताक्षणी सांगा, "मला तक्रार द्यायची नाही, यजमानांना इतक्यात बोलवायचं नाही, मला सल्ला हवा आहे." हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिथल्या बाईंना तालुक्यात दुसरीकडे कोण चांगलं बसतं याची माहितीही असते. तीही विचारून घ्या.

कोर्टातल्या फुकट समुपदेशकांचं तुम्हाला कोणी सांगितलं ते अर्धवट आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात विवाह समुपदेशकांची तरतूद आहे, ते फी घेत नाहीत, हे खरं. पण ते भेटतात खटला दाखल झाल्यावर. जिथे स्वतंत्र कुटुंब न्यायालय नाही तिथे असे दावे दिवाणी न्यायालयात चालतात आणि समेटाचा प्रयत्न न्यायाधीश किंवा मध्यस्थ करतात. समुपदेशक मिळावा म्हणून दावा लावणं हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दावा एकदा लागला की दोन्हीकडे वकील येतात, कागदावर एकमेकांचे दोष लिहिले जातात, आणि ते लिहिलेलं मागे घेता येत नाही.

न्यायालयाच्या आवारातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ती म्हणजे विधी सेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला वकिलाची मदत मोफत आहे आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. जिल्ह्याला प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, हेल्पलाइन १५१०० आहे. दावा लावायच्या आधीच मध्यस्थी करून घ्यायची सोयही त्यांच्याकडे असते. तुमचं भांडण उद्या वाटणीवर, कर्जावर किंवा वेगळं राहण्यावर आलं तर तिथे जा. आज ती वेळ आलेली नाही.

मग आज काय? माझं मत असं की तुमची सुरुवात सरकारी रुग्णालयापासून व्हावी. हे वाचून तुम्ही चमकाल, म्हणून कारण सांगते.

मुंबईत नोकरी करणारा माणूस चाळिशीच्या आसपास काम सुटून गावी येतो. वर्षानुवर्षं गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी म्हणून आलेला, पिशव्या भरून खाऊ आणणारा, वाडीत ज्याच्या शब्दाला वजन होतं तो. आता तोच वडिलांच्या कलमांवर राबतोय. कधी मोहोर फुलकिड्यांनी जातो, कधी अवकाळी पाऊस पडतो. फवारणीचं औषध उधारीवर, राखणीचा पगार डोक्यावर, पेट्या वाशीला गेल्या की दर दलालाच्या हातात. हंगामाच्या शेवटी हिशेब मांडला की सोसायटीचा हप्ता निघत नाही. बायको कारखान्यात जाते आणि घर तिच्या मजुरीवर चालतं. याबद्दल तो कोणाकडेही एक शब्द बोलू शकत नाही, कारण पुरुषाने हे बोलायचं असतं असं त्याला कोणी कधी दाखवलेलंच नाही. तुम्ही लिहिलंय की ते रात्री उठून खळ्यात बसतात आणि पूर्वी असे नव्हते. झोप उडणं, बोलणं तुटणं, बारीकसारीक गोष्टीवर भडकणं, कशातच मन न लागणं हे सगळं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं. ते तसंच आहे असं मी इथून सांगू शकत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ते असेल तर नवरा-बायकोच्या कितीही बैठका केल्यात तरी मूळ दुखणं तसंच राहील. आणि दुखणं बरं झालं तर निम्मी भांडणं आपोआप गळून पडतील.

आत्महत्येचा विचार त्यांच्या मनात आला असेल तर तिकडे दुर्लक्ष करू नका. कर्जाच्या ओझ्याखालचा माणूस "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, तर ते भांडणातलं बोलणं समजून सोडून देऊ नका. तसं विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. शांतपणे विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

ही मदत कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ते असतात. तुमच्यासाठी ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला. देवगडहून जाऊन यायला दिवस मोडतो, पण खर्च एसटीच्या भाड्याचा आणि किरकोळ केसपेपरचा. या कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही येत असतं. म्हणून आधी देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, ते कोणत्या दिवशी येतात आणि त्यांच्यात मानसशास्त्रज्ञ असतात का. विचारल्याशिवाय निघू नका. रोज बुडवून जायचं आणि "आज मॅडम रजेवर आहेत" ऐकून परतायचं, असं एकदा झालं की तुमचे यजमान दुसऱ्यांदा निघणार नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांसाठी इथेच सांगते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या मोजक्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. नुसतं नाव काढलं तरी आपल्याकडे लोक दचकतात. तिथे झोप उडालेले, चिंतेने पोखरलेले, दारू सोडू पाहणारे लोक सकाळी दाखवून दुपारी घरी जातात.

दवाखान्यात जाण्याच्याही आधी एक पायरी आहे, आणि ती तुम्ही उद्याच चढू शकता. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवर मिळणाऱ्या सरकारी मदतीचा क्रमांक. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे दोघांच्या सलग बैठका होणार नाहीत. पण तुमचं ऐकून घेतलं जाईल, तुमचा स्वतःचा जीव थोडा हलका होईल आणि पुढे जिल्ह्यात कोणाकडे जायचं ते कळेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची मोफत सेवाही चांगली आहे. तिथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि नात्यातल्या तणावाबद्दलही बोलता येतं.

फोन करायचा तर कुठून करायचा, हा आपल्याकडे खरा प्रश्न असतो. घरात एकच माजघर, बाहेर सासूबाई, आणि रेंज मिळते ती रस्त्यावर, चार माणसं असतात तिथे. कलमांत तुमचा मांगर असेल तर तिथे जाऊन फोन करा. नाहीतर कारखान्यातून येताना एसटीच्या आधीचा अर्धा तास वापरा. बोलायला सुरुवात करताना "मी आता वीस मिनिटं बोलू शकते, कोणी आलं तर फोन ठेवीन" हे सांगून टाका.

आता खासगी समुपदेशकांचं. त्यांची फी ऐकून तुम्ही फोन ठेवलात, तसं करू नका. "आमची कमाई इतकी आहे, आम्ही बैठकीला तीनशे-चारशे देऊ शकतो. कमी फीत काही जागा ठेवता का? नसेल तर कोणाकडे पाठवाल?" एवढं स्पष्ट विचारा. बरेच समुपदेशक काही जणांना कमी फीत बघतात, पण ते जाहिरातीत लिहीत नाहीत. मुंबई-पुण्याच्या संस्थांत आणि महाविद्यालयांत शिकाऊ समुपदेशक असतात. ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करतात आणि त्यांची फी फार कमी असते. नवखे म्हणून त्यांना नाकारू नका, त्यांच्या मागे बघणारं कोणी आहे एवढं विचारा. व्हिडिओवर बैठक झाली तर घाट चढण्याचा खर्च वाचतो. आणि दर आठवड्याला बैठक हवीच असं नाही. तीन आठवड्यांनी एक आणि मधल्या दिवसांत घरी करायचं काम, असं ठरवून मागता येतं.

माणूस निवडताना शिक्षण विचारायला लाजू नका. "समुपदेशक" अशी पाटी आपल्याकडे कोणीही लावतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तो क्रमांक मागा. इतरांना मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण आहे का आणि जोडप्यांबरोबर काम केलंय का, हे विचारा. पहिल्याच भेटीत जो एकाला दोषी ठरवतो, "बाईने थोडं सोसावं" किंवा "सोडून द्या असल्या नवऱ्याला" असं म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडेही नको. एसटी स्टँडवर चिकटवलेल्या "पती वशीकरण, चोवीस तासांत गुण" अशा कागदावरच्या नंबराला तर चुकूनही फोन करू नका. तिथे बाराशे नाही, बारा हजार जातात.

आणखी एक फुकटचा मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, भावकीत बसवायचा. माझा त्याला विरोध आहे. गावकी-भावकीने पुष्कळ घरं सावरली असतील, पण भावकीतल्या प्रत्येकाचा तुमच्या कलमांशी, बांधाशी, पायवाटेशी काही ना काही संबंध असतो. तुमच्या यजमानांचं कर्ज किती, हे त्या बैठकीत उघडं पडलं की त्यांची उरलीसुरली मान खाली जाईल. देवाला गाऱ्हाणं घालावंसं वाटलं तर जरूर घाला, त्याने धीर येतो. पण सून नांदवायची की माहेरी धाडायची हे कौल लावून कोणी ठरवू लागलं, तर तिथे ठामपणे नाही म्हणा. एखादं माणूस मधे हवंच असेल तर एकच निवडा: दोघांनाही मान्य, पोटात गोष्ट ठेवणारं आणि तुमच्या जमिनीत वाटा नसलेलं. मुलाच्या शाळेतले जुने गुरुजी असतील, मुंबईला ज्यांच्या खोलीवर हे राहिले ते मामा असतील. त्यांना निवाडा द्यायला सांगू नका. यजमानांना दवाखान्यापर्यंत आणायला सांगा.

आता ते येणार कसे? "तुम्हाला समुपदेशनाची गरज आहे" हे वाक्य उच्चारू नका, त्यांच्या कानाला ते "तुझं डोकं फिरलंय" असं ऐकू येईल. भांडण चालू असताना किंवा जेवणाच्या ताटावर विषय काढू नका. आंब्याचा हंगाम संपून लावणी उरकली की गणपतीपर्यंत थोडे मोकळे दिवस मिळतात, ते बघा. गणपतीत मुळीच नको, घर माणसांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाला मत असतं. दोघंच असताना, कलमांत काम करता करता म्हणा: "तुम्ही रात्री झोपत नाही ते मी बघते. मला काळजी वाटते. मलाही आता एकटीला झेपत नाही. देवगडला डॉक्टर येतात, माझ्याबरोबर एकदा चला. घरात कोणाला सांगायचं नाही." त्यांच्या चुकांची यादी त्यात नको, माहेरचा विषय नको. झोपेसाठी डॉक्टरकडे जाणं पुरुषाला जमतं. तिथून पुढचं बोलणं डॉक्टर काढतील. नाहीच म्हणाले तर भांडू नका, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. आणि तोवर तुम्ही एकट्या जा. एकाच माणसाने समुपदेशन घेतलं तरी घरातलं बोलणं बदलतं, कारण भांडण दोघांच्या सवयीवर चालतं आणि एकाने आपली सवय बदलली की दुसऱ्यालाही ते जुन्या वळणाने नेता येत नाही.

एक काम मात्र आजपासून करा, त्याला कुठलाही तज्ज्ञ लागत नाही. मुलाकडून निरोप धाडणं बंद. तुम्हाला ती छोटी गोष्ट वाटत असेल. दहा वर्षांच्या मुलाला ती छोटी नसते. आई रागावलीय, बाबा रागावलेत आणि मधे मी आहे, हे तो रोज दोनदा अंगावर घेतोय. अबोला असला तरी तुम्ही स्वतः खळ्यापर्यंत जा आणि म्हणा, "जेवायला वाढलंय." त्यांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल, तुमचं वाक्य त्यांच्या कानावर पडू द्या. आणि मुलाला एकदा जवळ घेऊन सांगा की हे भांडण त्याच्यामुळे नाही आणि ते मिटवणं त्याचं काम नाही.

पैशाचं बोलणंही वेगळं काढा. सध्या ते कधीही, कुठूनही सुरू होतं, म्हणून ते माहेरापर्यंत जातं. आठवड्यातला एक दिवस ठरवा, अर्धा तास, वही घेऊन. सोसायटीचं किती, औषधवाल्याचं किती, राखणीचं किती, तुमची मजुरी किती. आकडा कितीही मोठा असला तरी तो कागदावर दोघांनी मिळून बघितला की त्यांना एकट्याला लपवत बसावं लागत नाही. मग दोघांनी सोसायटीच्या सचिवांना भेटून हप्ते कसे बांधून मिळतील ते विचारा. दारूचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. पण अशा काळात ती शिरते, म्हणून सांगून ठेवते: व्यसनासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना कसलीही फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा असतात.

सासूबाईंबद्दल थोडंच लिहिते. त्या लेकाला काही म्हणत नाहीत याचा तुम्हाला राग आहे, तो मला समजतो. पण लेक रात्री खळ्यात बसतो हे त्याही बघत असणार, आणि त्यांनाही काय करावं ते कळत नसेल. "आई, यांना झोप येत नाही, तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारून बघा. त्या तुमच्या बाजूला येतील असं आश्वासन देत नाही. पण दवाखान्यात जायच्या दिवशी मुलाला सांभाळणारं आणि वाडीत तोंड न उघडणारं माणूस तुम्हाला लागणार आहे.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, पैसे घालूनही काही झालं नाही तर? पहिल्या बैठकीला जाण्याआधी अर्ध्या पानावर तीनच गोष्टी लिहा: काय बंद व्हायला हवं, काय पुन्हा सुरू व्हायला हवं, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः काय करायला तयार आहात. तो कागद समुपदेशकांसमोर ठेवा, म्हणजे पहिली बैठक नुसती कहाणी सांगण्यात जाणार नाही. चौथ्या बैठकीनंतर तो काढून बघा. अबोला आठ दिवसांवरून दोन दिवसांवर आला का, पैशाचं बोलणं वहीपाशी थांबतं का, हे तुम्हालाच दिसेल. काहीच हललं नसेल तर तसं समुपदेशकांना तोंडावर सांगा आणि पद्धत किंवा माणूस बदलायची वेळ आली आहे का, ते विचारा. चांगला समुपदेशक त्यावर रागावत नाही. आणि चार बैठका सरकारी दवाखान्यात झाल्या असतील तर तुमचे गेले ते एसटीचे पैसे.

मला पुन्हा लिहा. देवगडला पथक कोणत्या दिवशी येतं ते कळलं की तेही लिहा. तुमच्या तालुक्यातून अशी पत्रं आणखी येतात, त्या बायकांना मला तो दिवस सांगता येईल.